आणखी एक डाव

आमच्याकडे खेळाला दोन शब्द आहेत. एक 'खेल', तो मुलांचा. दुसरा 'लहव-ओ-लइब', तो मोठ्यांच्या रागाचा. पत्ते, पतंग, कॅरम, कबुतरे, सिनेमा असे सगळे या दुसऱ्या शब्दात बसते. बुद्धिबळही त्यातून सुटलेले नाही. प्रेमचंदांच्या कथेतले दोन जहागीरदार पटावर बसून राहिले आणि अवध हातचा गेला, हा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे व्हिडिओ गेम आला तेव्हा वडीलधाऱ्यांना नवा शब्द शोधावा लागला नाही. खण तयारच होता, त्यात आणखी एक वस्तू पडली.

आम्ही बी.एड. आहोत. सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतो. कुणी छंद विचारला तर शिक्षकाने वाचन, बागकाम, फार तर गझल ऐकणे असे सांगायचे असते. आम्ही 'व्हिडिओ गेम' म्हटले की समोरचा क्षणभर थांबतो आणि मग हसतो. त्या हसण्यात दोन प्रश्न असतात. एक, या वयात? दुसरा, बाईमाणसाने? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खेळाचे वय नसते, वेळ नसतो एवढेच. दुसऱ्याचे उत्तर जरा लांब आहे.

विजापूर वेशीच्या आसपास त्या काळी व्हिडिओ गेमची दोन-तीन दुकाने होती. दाराला पडदा, आत अंधार, रुपयाला एक डाव. भाईजान तिथे जायचा. आम्ही शाळेला जाता-येता त्या पडद्यावरून फक्त आवाज वेचायचो. आत मुलींनी जायचे नाही असे कुणी बजावले नव्हते. ज्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत त्यांपैकी ती एक होती. म्हणून १९९८ साली जेद्दाहून सुट्टीवर आलेल्या मामूंनी बॅगेतून प्लास्टिकचा एक डबा काढून टीव्हीला जोडला, तेव्हा भाईजानला खेळणे मिळाले आणि आम्हाला त्या पडद्याआडची अख्खी दुनिया मिळाली.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र काढले होते. आमचा डबा म्हणजे त्याचाच कुठे तरी जन्मलेला बेनामी जुळा भाऊ. कॅसेटवर ९९९९ गेम असल्याचे लिहिले होते. मोजले तेव्हा वीस-बावीस निघाले, बाकी तेच ते वेगळ्या नावाने. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि बिस्मिल्ला म्हणून पुन्हा बसवायची. सोबत एक बंदूकही होती. 'डक हंट'मध्ये गवतातून बदके उडायची आणि नेम चुकला की कुत्रा तोंडावर पंजा धरून हसायचा. ही बंदूक इतक्या लांबून काम कशी करते याचे आम्हाला अनेक वर्षे नवल होते. पुढे वाचले. घोडा दाबला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड टिपणारा एक डोळा असतो. त्याला तो पांढरा चौकोन दिसला तर बदक पडले. म्हणजे ती बंदूक मारत नाही, नुसती बघते. इतकी निरागस बंदूक आम्ही पुन्हा पाहिली नाही.

पण खरा खेळ 'सुपर मारिओ ब्रदर्स'. शिगेरू मियामोतो यांनी तो केला आणि १९८५ साली जपानमध्ये तो बाजारात आला. त्यात दोघांनी खेळायची सोय होती, तिची एक अट होती. पहिला गडी मारिओ. दुसरा त्याचा भाऊ लुईजी. मारिओ मेल्याशिवाय लुईजीची पाळी येत नाही. मारिओ कोण असणार हे आमच्या घरात विचारायची गरज नव्हती. आम्ही लुईजी. भाईजानचा हात बसलेला, तो लवकर मरत नसे, आणि आम्ही चटईवर बसून सख्ख्या भावाचा मारिओ खड्ड्यात पडावा म्हणून मनातल्या मनात दुवा मागत असू. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळे दोघा भावांतला रंगाचा फरकही नीट कळत नसे. फायदा एकच झाला. नुसते बघत बसल्यामुळे आम्हाला जे दिसले ते खेळणाऱ्याला दिसले नाही. वरचा ढग आणि खालचे झुडूप यांचा आकार एकच आहे, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखले. तो अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवायचा होता. म्हणून ढगालाच हिरवा रंग देऊन झुडूप केले होते. रंग नसलेल्या टीव्हीने ते गुपित फोडले. गरिबाच्या घरात एकच दुपट्टा ईदला आणि लग्नाला वेगवेगळा दिसतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढे बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकलो तेव्हा मारिओची पहिली पातळी आम्हाला नव्याने कळली. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, सराव, मूल्यमापन, सगळे तिथे होते आणि शब्द मात्र एकही नव्हता. मारिओ डाव्या कडेला उजवीकडे तोंड करून उभा असतो. समोर मोकळी जागा. म्हणजे चाल, हे आपोआप कळते. मग एक कपाळाला आठ्या घातलेला जीव चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण फार काही गेले नाही, सुरुवात चार पावलांवरच आहे. उडी मारलीत तर बहुधा वरच्या प्रश्नचिन्हाच्या पेटीला डोके लागते आणि नाणे निघते. दुसऱ्या पेटीतून अळंबी निघते, ती उजवीकडे जाते, नळावर आपटते आणि परत फिरून तुमच्याकडेच येते. तुम्ही घाबरून टाळू म्हटले तरी ती अंगावर येते आणि मारिओ मोठा होतो. 'अळंबी चांगली असते' हे वाक्य कुठेही लिहिलेले नाही. आमच्या पाठाला बसलेल्या निरीक्षक मॅडम 'विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्या' असे प्रत्येक वहीत लिहीत. त्याचा इतका चांगला नमुना आम्ही कुठल्याही आदर्श पाठात पाहिला नाही.

शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात थॉर्नडाइक असतो. त्याने १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून जे प्रयोग केले, त्यातून 'प्रयत्न आणि प्रमाद' ही अध्ययनाची उपपत्ती आली. मांजर चुकते, पुन्हा चुकते, हळूहळू निरर्थक धडपड कमी होते आणि कळ लवकर दाबली जाते. परीक्षेत हे आपण पाच गुणांसाठी लिहितो आणि वर्गात गेलो की विसरतो. आपल्या वर्गात प्रमादाला जागा आहे ती फक्त लाल शाईची. चुकीच्या उत्तरावरची ती फुली कायमची असते. वही संपेपर्यंत मुलगी ती दर पान उलटताना बघते. मारिओत खड्ड्यात पडलेल्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दहा वेळा पडून अकराव्यांदा पार झालेला आणि पहिल्यांदाच पार झालेला, दोघांना पलीकडे तोच झेंडा मिळतो. आमच्या वर्गात अशा मुली आहेत ज्यांना उत्तर येते आणि त्या हात वर करत नाहीत. घरी, मोहल्ल्यात, मिरवणाऱ्या पाहुण्यांसमोर चुकण्याची किंमत त्यांनी फार लवकर शिकून घेतलेली असते. त्यांना गणित कमी येत नाही. त्यांना पडायची परवानगी कमी मिळाली आहे.

आता दादीअम्माचे. ती आयुष्यभर बिड्या वळत आली. तेंदूच्या पानावर पत्र्याचे माप ठेवून ती कात्री चालवायची. पानातून जास्तीत जास्त तुकडे निघाले पाहिजेत, वाया काही जायला नको. व्हिडिओ गेमकडे ती ढुंकून बघत नसे. एके दुपारी आम्ही 'टेट्रिस' लावून बसलो होतो. वरून चार-चार चौकोनांचे तुकडे पडतात, ते फिरवून खाली असे बसवायचे की ओळ भरली पाहिजे. भरलेली ओळ नाहीशी होते, अर्धवट ओळी साठत जातात. दादीने सुपातून मान वर केली, जरा वेळ बघितले आणि म्हणाली, "इत्ती जागा खाली कायकू छोडी गे? वो लंबा टुकडा खडा कर." त्या दिवसापासून दादी आमची उस्ताद. अक्षर ओळख नसलेली, ऐंशीच्या घरातली बाई मॉस्कोत तयार झालेला खेळ बघून अचूक सांगायची की आता कुठला तुकडा कुठे जाईल. बटणाला मात्र तिने शेवटपर्यंत हात लावला नाही. हात तंबाखूचे आहेत म्हणायची.

टेट्रिस १९८४ साली अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी केला. ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होते. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी कंसांची चिन्हे जोडून चौकोन दाखवले. खेळ जगभर गेला, कोट्यवधींचा धंदा झाला, पण हक्क सरकारकडे होते. पाजित्नोव्ह यांच्या हातात त्याचे पैसे १९९६ नंतर पडू लागले. दादी हयात असती तर तिने पहिला प्रश्न मजुरीचाच विचारला असता. टेट्रिसची आणखी एक गंमत म्हणजे त्यात राजकन्या नाही, झेंडा नाही, जिंकणेच नाही. शेवटी तुकडे वरपर्यंत येतातच. १९८९ साली निन्टेन्डोवर आलेला तो खेळ डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने इतका लांबवला की खेळच अडकून थांबला. माणूस हरण्याऐवजी यंत्र थकले. चौतीस वर्षांत हे पहिल्यांदा घडले. बातमी वाचून आम्हाला उगीचच दादीची सुपातून वर झालेली मान आठवली.

२००३ साली फुप्पीच्या घरी संगणक आला आणि त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेक्नर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एक-एक चित्र उतरवून तो शहजादा हलता केला. १९८९ सालच्या त्या खेळातले चालणे-अडखळणे आजही खरे वाटते, कारण ते खऱ्या माणसाचे आहे. साठ मिनिटांत तळघरातून वर पोचायचे आणि शहजादीला सोडवायचे. आमच्यासाठी त्या खेळातली नावे परकी नव्हती. शहजादा, वजीर, हे शब्द आमच्या घरातले. फक्त दुष्ट वजिराचे नाव जाफर होते, ते खटकले. १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद' चित्रपटात दुष्ट वजीर जाफरच, १९९२ सालच्या 'अल्लादीन'मध्येही जाफरच. इतिहासातला जाफर बर्मकी हा हारून रशीद यांचा वजीर. विद्वानांना आश्रय देणारा म्हणून त्याची ख्याती होती, आणि ८०३ साली खलिफाच्याच हुकमाने त्याचे शीर गेले. पडद्यावर त्याच्या वाट्याला टोकदार दाढी आली.

पण त्याच खेळात एक जागा आहे, ती आम्ही विसरू शकलो नाही. एका पातळीवर वाटेत आरसा उभा असतो. शहजादा त्यातून उडी मारून जातो आणि आरशातून त्याची सावली बाहेर पडून पळते. पुढे ती सावली त्याला छळत राहते आणि शेवटाकडे तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला घाव घातला की शक्ती आपलीच कमी होते. ती मेली की आपण मेलो. मग उपाय काय? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचे. दोघे एक होतात आणि पुढची वाट खुली होते. उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला हे फार लवकर कळते. मराठी मंडळी कौतुकाने विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" उर्दूवाले जरा दुखावून विचारतात, "मराठी में क्यूं लिखते?" दोन्हीकडे हातात तलवार दिली जाते आणि समोर आपणच उभे असतो. आम्ही ती म्यान केली, त्याला आता बरीच वर्षे झाली.

पुढच्या काळातले गोळीबाराचे खेळ आम्हाला लोभस वाटले नाहीत. २००९ सालच्या 'मॉडर्न वॉरफेअर २'मध्ये कराची शहर होते आणि तिथल्या पाट्या अरबीत. कराचीतले दुकान उर्दूत बोलते, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. गोळी झाडण्यापुरते शहर हवे असेल तर त्याची भाषा कशाला लागते? उलट २०२३ साली 'असॅसिन्स क्रीड मिराज' आला तेव्हा भाच्याने हाका मारून बोलावले. नवव्या शतकातले बगदाद, खलिफा मन्सूर यांनी ७६२ साली वसवलेली ती गोल नगरी, कालवे, बाजार, बैतुल हिकमत. पात्रे अरबीत बोलतात अशीही सोय. खेळ मुळात मारेकऱ्याचा. आम्ही भाच्याला म्हटले, "तू कुणाला मारू नकोस, नुसता चाल." बिचारा तासभर आमच्यासाठी बगदादच्या गल्ल्यांतून चालत राहिला. ज्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ते ख्वारिझ्मी याच बैतुल हिकमतमध्ये काम करत. आणि अल्गोरिदमशिवाय कुठलाही व्हिडिओ गेम एक पाऊलही टाकू शकत नाही. वर्गात हे सांगितले तर मुलांना खोटे वाटते, म्हणून आम्ही ते फळ्यावर लिहून दाखवतो.

हे वाचून कुणी मुलांच्या हातात मोबाईल देऊन मोकळे होऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षणासाठी घरात आलेला फोन नंतर परत गेला नाही, हे पालकसभेत आम्ही रोज ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत खेळाचे व्यसन आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कितीतरी आयांनी सुटकेचा श्वास सोडला. आम्ही आमच्यापुरती एक कसोटी ठेवली आहे. मारिओ मेला की खेळ म्हणतो, पुन्हा ये. २०१२ सालच्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव संपले की खेळ म्हणतो, एका जिवासाठी अर्धा तास थांब, नाही तर पैसे दे. पहिला खेळ आपल्याला शिकवू पाहतो, दुसरा आपली तगमग विकत घेऊ पाहतो. मोठ्यांचा 'लहव-ओ-लइब' हा शब्द या दुसऱ्या जातीला शोभतो. दोन्हींना एकाच खणात टाकले तर मूल दोन्ही लपून खेळेल, आणि लपून खेळताना त्याला फरक सांगायला कुणी नसेल.

आमच्या मुलांचे लिहिणे मोठे गमतीचे असते. उर्दू वाक्य उजवीकडून डावीकडे धावते आणि मध्येच १२५ आले की हात उलटा फिरून डावीकडून उजवीकडे जातो. मग पुन्हा वाक्य. ही कसरत त्या वहीत बिनबोभाट चालू असते. मागच्या वर्षी पूर्णांक संख्या शिकवताना आम्ही फळ्यावर संख्यारेषा काढली, शून्यावर मारिओ उभा केला. उजवीकडे धन, डावीकडे ऋण. कधीही हात वर न करणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "आपा, ये हमेशा उधरीच कायकू जाता?" आम्ही सांगितले की त्या खेळात मागे गेलेला पडदा परत येत नाही, म्हणून तो उजवीकडेच जातो.

दुसऱ्या दिवशी तिने चौकटीच्या वहीचे दोन कागद चिकटवून आणले. पेन्सिलने पूर्ण पातळी काढली होती. ढग, विटा, नळ, सगळे चौकोन मोजून. सुरुवात उजव्या कडेला होती आणि झेंडा डावीकडे, उर्दू ओळ जशी चालते तसा. नायकाच्या डोक्यावर ओढणी होती. पहिला खड्डा अगदी तिसऱ्याच चौकोनात होता. आम्ही विचारले, इतक्या लवकर खड्डा कशाला? ती म्हणाली, "पैले सब गिरेंगे, आपा. फिर मालूम होता."

त्या कागदावर आम्ही लाल शाई वापरली नाही. वर्गाच्या भिंतीवर तो लावला आहे. मधल्या सुट्टीत मुली त्याच्यासमोर रांग लावतात, बोट उजवीकडे ठेवतात आणि डावीकडे चालवतात.